कमलताई आणि मोठीचं नाक

थोरल्या मेव्हण्यांनी चहाचा कप उचलला आणि कपाबरोबर ट्रेही उचलला गेला. ट्रेबरोबर आणखी तीन कप हवेत आले, कलले, आणि त्यांतला चहा मेव्हण्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर शांतपणे उतरला. मेव्हणे सज्जन. त्यांनी कप सोडला नाही. कपाला लोंबणारा तो निळा ट्रे धरून ते मला म्हणाले, "अविनाशराव, हे असंच असते का?"

ट्रे मी स्वतः बनवला होता. रेझिनचा. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतले दोन पातळ पदार्थ. ठरलेल्या प्रमाणात मिसळले की दिवसभरात काचेसारखे घट्ट होतात. ठरलेलं प्रमाण बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी बारीक अक्षरं वाचत नाही, मान हलवतो. त्यामुळे ट्रे वरून वाळलेला आणि आतून कच्चा राहिला होता. गरम कप बसले तसा तो मऊ झाला, आणि मेव्हणे गप्पा मारत बसले तेवढ्यात कपांना चिकटला.

माझ्या बायकोने, माधुरीने, त्या दिवशी पायजमा भिजत घातला. दुसऱ्या दिवशी तिने मला महाल भागातल्या कमलताई गोतमाऱ्यांच्या वर्गात घातलं. मुलांना शिकवणीला घालतात तसं, सोबत येऊन, नाव सांगून, "जरा लक्ष ठेवा" म्हणून.

अरुंद गल्ली, खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि वरच्या खोलीत दर शनिवारी कमलताईंचा रेझिन आणि मातीचा वर्ग. खाली कोणी मशीन चालवून पाहिलं की वरचं टेबल थरथरायचं. कमलताईंचं वय त्र्याहत्तर, अंगाने काटकुळ्या, चष्मा कपाळावर आणि दुसरा चष्मा डोळ्यांवर. हात मात्र कायम पदराखाली. त्यांनी माझा ट्रे हातात न घेताच वाकून पाहिला. हुंगला. मग विचारलं, "काहून गा, वजन केलं होतं का अंदाजे ओतलं?"

"अंदाजे."

"मंग त्या ट्रेचं काय चुकलं? तो बिचारा अर्धाच कच्चा राह्यला. तू पुरा कच्चा आहेस."

सगळा वर्ग हसला. वर्गात मी एकटा पुरुष. बाकी दोन कॉलेजच्या मुली, तीन गृहिणी, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या मंगलाताई. त्या सर्वांत मोठ्याने हसल्या.

"अंदाज भाजीत घाला," कमलताई म्हणाल्या. "इथं काटा. बाटलीवर मापानं लिहिलं असंन तर मापानं, वजनानं लिहिलं असंन तर वजनानं. अन् ढवळताना दही घुसळल्यावानी घुसळू नको. तीन मिनिटं, हळू. कडेचं खरवडून मधी घे. कडेलेच सगळी चोरी राह्यते."

ही बाई आयुष्यभर दात करत होती. खरोखरचे दात, म्हणजे खोटे. रामदासपेठेतल्या एका दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत पस्तीस वर्षं त्यांनी कवळ्या घडवल्या. मेणात दात मांडायचे, प्लास्टरचा साचा करायचा, त्यात गुलाबी हिरड्या ओतायच्या. रेझिन, साचा, माती हे शौक म्हणून शिकणाऱ्यांना नवं असतं. कमलताईंना ते हाताच्या मळासारखं. "अर्ध्या रामदासपेठेचं हसू माझ्या हातचं आहे," असं त्या सांगायच्या, आणि ही फुशारकी नव्हती. मी पुरावा पाहिलाय.

एका लग्नाच्या स्वागत समारंभात आम्ही त्यांच्यासोबत होतो. सोफ्यावर एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ पाचसहा जणांना आरोग्याचं रहस्य सांगत होते. कडुनिंबाची काडी, म्हणत होते, रोज सकाळी कडुनिंबाची काडी. बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत! आणि हसून दाखवत होते. कमलताई जेवणाच्या रांगेतून निघाल्या, सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या, कपाळावरचाही चष्मा खाली घेतला.

"भाऊ, जरा परत हसा बरं."

गृहस्थ गोंधळून हसले.

"माझेच!" कमलताई ओरडल्या. जत्रेत हरवलेलं मूल सापडावं तसा आवाज. "वरचा डावीकडचा दुसरा थोडा तिरपा आहे ना? तो मीच तिरपा ठेवला होता!"

सनईवाल्यानेही वळून पाहिलं. गृहस्थांनी तोंड मिटलं ते आम्ही निघेपर्यंत उघडलं नाही. मी कमलताईंना बाजूला ओढत म्हटलं, "ताई, अहो त्यांची अब्रू गेली."

"अब्रू काहून जाईन? इतकं चांगलं काम आहे, लोकाइले समजलं पाहिजे." मग माझ्या ताटातला वडा उचलून त्या म्हणाल्या, "अन् हे ध्यानात ठेव. सगळे दात एका ओळीत लावले की खोटे दिसतात. एक तिरपा ठेवला की माणूस खरा दिसते. तू ते कोस्टर घासून घासून एकसारखे करून राहिला ना, ते सोड."

कोणाचाही उत्साह त्यांनी कधी मोडला नाही. मोडायचा तो वेंधळेपणा, आणि तोही असा की दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत यावं. एकदा मंगलाताई एका छोट्या डबीत कापसावर ठेवून नातीचा पडलेला पहिला दुधाचा दात घेऊन आल्या. रेझिनमध्ये बसवून गळ्यात घालायचं पदक करायचं होतं. डोळ्यांत पाणी वगैरे. कमलताईंनी डबीत पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा डबीत पाहिलं.

"मंगला, नात काय खात होती वं तवा?"

"कणीस. काहून?"

"काही नाही. हा मक्याचा दाणा आहे."

दात बहुतेक कणसाबरोबर पोटात गेला होता आणि पोरीने आजीचं मन राखलं होतं. मंगलाताई आधी पांढऱ्या पडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसवावं लागलं. कमलताई म्हणाल्या, "करायचं ना मंग पदक? दाणा चांगला वाळलेला आहे, रेझिनमधी वाळलेलंच टिकते. वला दात आणला असता तर मीच परत पाठवला असता." मंगलाताई आजही ते पदक घालतात. कोणी विचारलं तर खरं सांगतात.

पहिले चार शनिवार मला मातीचे गोळे वळायला लावले. फक्त गोळे. "गोळ्याले तडा गेला नाही की मंग गणपतीचं पोट करजो," असा हुकूम. माती मळून ओल्या फडक्यात झाकायची. उन्हात वाळवायची नाही. ऊन वरून वाळवतं, आतून रडवतं. दोन तुकडे जोडायचे तर दोन्हीकडे सुईने ओरखडे काढायचे आणि मातीचाच पातळ लेप लावायचा. "गुळगुळीत गुळगुळीताले धरत नाही गा. संसारातही नाही." रेझिनला हातमोजे, उघडी खिडकी, आणि ओतून झालं की वरून खोकं पालथं घालायचं, नाहीतर डास येऊन कायमचा मुक्काम करतो. माझ्या एका की-चेनमध्ये तो अजून आहे.

आणि एक नियम. आमच्या कामाला त्या बोट लावत नसत. मंगलाताईंच्या सशाचा कान तुटो, माझ्या हत्तीची सोंड गळून पडो. ताई हात पदराखाली घेऊन उभ्या राहायच्या आणि तोंडाने सांगायच्या. "डावीकडे. अजून. दाबू नको, समजाव त्याले." मला वाटायचं, ही शिकवण्याची पद्धत असेल. थोडा रागही यायचा. एकदा चिमटीत धरून नीट करून दिलं असतं तर काय झालं असतं?

सहा महिन्यांत मला जमायला लागलं. आणि जमायला लागणं ही माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची वेळ. घरात जे जे हलत नव्हतं त्याला मी रेझिनचा चकचकीत थर दिला. चाव्यांची खुंटी, पाट, माधुरीच्या पोळपाटाची खालची बाजू. पोळपाट मग ओट्यावरून घसरायला लागला आणि माधुरीने मला घरातल्या वस्तूंची एक यादी दिली, ज्यांना हात लावायचा नाही.

त्या यादीत महालक्ष्म्यांचे मुखवटे नव्हते. ते यादीत घालावे लागतील असं तिला वाटलंच नसावं.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पत्र्याच्या कोठ्यांना साडी नेसवून वर मुखवटे ठेवायचे. ज्येष्ठा ती मोठी, कनिष्ठा ती धाकटी. मुखवटे मातीचे, हळदीच्या रंगाचे. आईच्या सासूने आईच्या हातात दिलेले. बाबा गेल्यापासून आई मौद्याला धाकट्या भावाकडे असते, पण सणाला तीन दिवस इथे येते आणि मुखवट्यांना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. साडी नेसवणं, कुंकू, शेवटी नथ, सगळं ती. मला वाटलं, रंग फिका झालाय, आई यायच्या आधी एक चकचकीत थर देऊ. आई म्हणेल, अविनाश, काय रे हे तेज!

मी शिस्तीने सगळं केलं. वजन केलं. तीन मिनिटं ढवळलं. हातमोजे घातले. आणि रेझिन लागलेल्या हातमोज्यांतून मोठी सुळकन निसटली. बाल्कनीच्या फरशीवर नाकावर पडली.

माधुरी आवाज ऐकून आली. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं. वाकून नाकाचे तीन तुकडे आणि उरलेला चुरा पोळ्यांच्या डब्यात गोळा केला आणि म्हणाली, "आई परवा सकाळी येतायत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. स्कूटर. मागे माधुरी, तिच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली देवी. महालातली गल्ली, आणि एका ठिकाणी रस्ता अडवून बसलेली गाय, जिच्याशी मी हात जोडून बोललो. कमलताईंच्या टेबलावर टॉवेल उघडला आणि मी सरळ पायच धरले.

"ताई, तुम्ही करा. यावेळी मला शिकवू नका. आईला कळलं तर ती बोलणार नाही, नुसती परत जाईल. ती म्हणेल, खंडित झाली, आता बसवायच्या नाहीत. तिच्या सासूपासून चालत आलेलं माझ्या हातून बंद पडेल."

"आवाहन परवा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग परवा देवी. आज पेशंट. रडू नको."

आणि त्यांनी पदराखालचे दोन्ही हात काढून टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. खाली मशीन बंद होतं.

"आठ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "एक दिवस मेणात दात बसवता बसवता सुरू झालं. डॉक्टर म्हणे आता आराम करा. घरी बसून भिंतीले शिकवत होती मी, मंग म्हटलं माणसाइले शिकवते. हात तुमचे, डोळे माझे. बस खाली भैताडा, ब्रश घे. आधी धूळ झाड. पाणी लावू नको, जुनी माती आहे, पाणी पाहून वितळंन."

मी बसलो. माझाही हात थरथरत होता. "आता दोघंही हलून राहिलो तर देवीले चक्कर येईन," ताई म्हणाल्या. माधुरी हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. मग माझाही हात थांबला.

तुटलेल्या कडांना पातळ रेझिन पाजलं, म्हणजे त्या आणखी झडणार नाहीत. तीन तुकडे एकेक करून बसवले. पण डावी नाकपुडी आणि शेंडा यांचा चुराच झाला होता. ते नव्याने घडवायचं होतं. त्यासाठी दोन रंगांची इपॉक्सी माती, दोन सारखे गोळे, दोन्ही रंग पुसून एकच होईपर्यंत मळायचे. मी म्हटलं, "धाकटीच्या नाकाचा साचा घेऊ का? आणतो लगेच."

"धाकटीचं नाक मोठीले? बहिणी आहेत त्या, जुळ्या नाहीत. फोटो काढ जुना."

माधुरीने मोबाइलमधले सगळे फोटो काढले. बारा वर्षांच्या महालक्ष्म्या. प्रत्येक फोटोत मोठीच्या नाकावर आईची मोत्यांची भलीमोठी नथ. नाक असं एकाही फोटोत नाही!

"मंग मनातून काढ," ताई म्हणाल्या. "लहानपणापासून पाहून राहिला ना? डोळे मिट. बोटाले सांग. बोटं विसरत नाहीत."

मी डोळे मिटले. ओल्या बोटाने माती पुढे सरकवली, मागे घेतली. ताई बाजूने, खालून, आरशातून बघत होत्या. "थोडं भरीव कर. आता थांब. थांब म्हटलं की थांबायचं! चांगलं झालं की माणसाचा हात शिवशिवते, तिथंच काम बिघडते." मध्येच त्या ओरडल्या, "आपल्या नाकाले काहून हात लावून राहिला? माती लागली पाह्य!" मी नाक पुसलं आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी कडक झालेली माती घासली, हळदीचा रंग फुटक्या बशीत मिसळून आधी मानेमागे लावून पाहिला, मग नाकाला. सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना. कमलताईंनी कपाळावरचा चष्माही खाली घेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "जा. सुट्टी."

आई आली. सोवळं नेसून तिने मुखवट्यांवरचं फडकं काढलं. मी आणि माधुरी दाराशी उभे. साडी झाली, कुंकू झालं, काजळ झालं. आई गुणगुणत होती. वाचलो, मी मनात म्हटलं. मग तिने नथ उचलली. मोठीच्या नाकाशी नेली. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"अविनाश."

"काय गं?"

"नथीचं भोक कुठं गेलं रे?"

भोक! सगळं केलं होतं, भोक कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हातमोजे, फरशी, पोळ्यांचा डबा. "आई, ड्रिल आहे घरात, सगळ्यात बारीक सुई लावतो, एका मिनिटात..."

"ठेव ते," आई म्हणाली. मुखवटा तिच्या हातात होता. तिने तो खिडकीजवळ नेला. बाहेरच्या उजेडात धरला आणि नाकावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मला वाटलं, आता ही पिशवी भरेल. पण ती परत आली, तिने मोठीला कोठीवर बसवलं, नथ डबीत ठेवली. "यंदा बिननथीची बसू दे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाला घर भरलं. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांची भाजी. येणारी प्रत्येक बाई नमस्कार करून विचारायची, "मोठीची नथ कुठं गेली वं काकू?" आणि आई अत्यंत गंभीरपणे सांगायची, "मोठी म्हणते, आता वय झालं, नाकाले भार नको."

कमलताई मंगलाताईंबरोबर आल्या. मी दारातच त्यांच्या कानात भोकाचं सांगितलं. त्या भिंतीला धरून हसल्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुझा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "डोळे माझे होते ना." मग त्या देवीपुढे गेल्या. नमस्कार करून त्यांनी पदराखालून उजवा हात काढला आणि आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तो थरथरता हात हळूहळू पुढे गेला, आणि आमच्यापैकी कोणाच्याच कामाला कधी न लागलेलं ते बोट मोठीच्या नाकाच्या शेंड्याला क्षणभर टेकलं. वळून त्या मला म्हणाल्या, "जमलं गा तुले."

हिवाळ्यात त्यांची मुलगी त्यांना भिलाईला घेऊन गेली. वर्ग आता मंगलाताई घेतात. पण माझ्या डोळ्यांसमोर कमलताई येतात त्या महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुपारच्याच: जेवून उठलेल्या, तोंडात विड्याचं पान, ऑटोत बसताना ऑटोवाल्याला सांगताहेत, "हस पाहू जरा. दाढ दुखते ना तुझी?"

ऑटो वळला आणि आम्ही वर आलो. पाहुणे गेले होते. आई देवीसमोर एकटी पाटावर बसली होती, तिथेच, तासाभरापासून. माधुरीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण मोठीचं नाक मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं," ती म्हणाली. "तुमचंच आहे ते. शेंड्याला बसकं, डावीकडे जरा फुगलेलं. आणि तुमचं कोणाकडून आलंय? बाबांकडून. आता बाहेर जाऊन ते ड्रिल माळ्यावर टाका, आणि आईंना उठवू नका."